साथींतील छायाचित्रें

२०२० च्या मार्चमध्यें उतारूंच्या गाड्या थांबल्या आणि आमच्या दुधनीच्या स्टेशनाकडे जाणारा रस्ता ओस पडला. मालगाड्या तेवढ्या धडधडत जात. त्या रस्त्याचें छायाचित्र माझ्या नातवानें ओट्यावरून मोबाइलनें टिपलें.

तें पाहून मला १८९६-९७ च्या मुंबईंतील प्लेगचीं छायाचित्रें आठवलीं. कॅप्टन मॉस नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें तीं काढलीं असें मानतात. घरें धुणारा पंप, इस्पितळांतील खाटा, घरझडतीचीं पथकें, सारें त्यांत स्पष्ट आहे. १८९७ च्या मार्चपासून कारभार जनरल गॅटेकर यांच्या प्लेग-कमिटीकडे होता. कॅमेराही त्याच पक्षाचा. म्हणून पथकें ऐटींत उभीं, रोगी मात्र निनांवी. खाटेजवळची बाई आई कीं पत्नी, हें आतां कोण सांगणार? ज्यांच्या घरांत पथकें शिरलीं, त्यांनीं काढलेलें एकही चित्र माझ्या पाहण्यांत नाहीं.

आमच्या घरांत आज पांच मोबाइल. तरीही २०२१ च्या एप्रिलांत थोरले बंधु अण्णा सोलापुरास इस्पितळांत गेले ते परतले नाहींत, तेव्हां त्यांचें अलीकडचें एकही चित्र कोणापाशीं निघेना. मुलांनीं टिपलेलीं सारीं फराळाच्या ताटांचीं! अखेर त्या ओस रस्त्याच्या चित्रांत, अगदीं कडेला, कट्ट्यावर बसलेले अण्णा सांपडले. तोंडावर उपरणें, हातांत पंचांग. चित्र रेखीव दिसावें म्हणून ती कड कापण्याचें नातवाच्या मनांत होतें. मीं कापूं दिली नाहीं. तें छापवून आणलें, पाठीमागें शाईनें अण्णांचें नांव व तिथि लिहिली. वहिनींनीं तें देवघराशेजारीं ठेवलें आहे.