बंद पडलेला इन्व्हर्टर आणि मूठभर सोडा

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,

या अंकात खरे तर नव्या इन्व्हर्टरसाठी आपल्याकडे मदत मागायची होती. ती विनंती मी मागे घेतली आहे. का, ते सांगतो. कारण असा इन्व्हर्टर आपल्यापैकी अनेकांच्या घरी व चर्चमध्येही असेल.

सातपुड्यात पाऊस सुरू झाला की धडगावच्या आसपासच्या पाड्यांत वीज कधी जाईल याचा नेम नसतो. जूनमधल्या एका रात्री आमच्या दवाखान्यात एक पावरा भगिनी बाळंतपणासाठी आली आणि दिवे गेले. इन्व्हर्टरचे बटण दाबले, तर ना आवाज, ना दिवा. सिस्टरांनी मोबाइलच्या उजेडात बाळंतपण केले. प्रभूच्या कृपेने बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण जास्त रक्तस्राव झाला असता तर त्या उजेडात काय दिसले असते, या विचाराने मला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी कारागिराला फोन केला. तो म्हणाला, "चार दिवसांनी येतो. जुना झालाय, नवाच घ्या." वाट पाहत बसण्यापेक्षा, बाहेरून जेवढे तपासता येईल तेवढे तपासावे असे मी ठरवले.

पहिली गोष्ट भार. पंखे, फ्रीज, सगळे बंद करून पुन्हा बटण दाबले. भार जास्त झाला तर इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. आमच्याकडे फरक पडला नाही. मग मागच्या बाजूचा फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा, त्याजागी तार कधीही गुंडाळू नये.

मग बॅटरीकडे वळलो. वसतिगृहातल्या मुलांना शिकवायला ठेवलेला मल्टिमीटर आणला. बॅटरीच्या टर्मिनलवर 12.4 व्होल्ट दिसले. 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर साधारण 12.6 ते 12.7 दाखवते, 12 च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. म्हणजे आमची बॅटरी ठीक होती. पण मीटर टर्मिनलऐवजी वायरीच्या टोकाच्या चकतीवर धरला आणि बटण दाबायला लावले, तेव्हा आकडा एकदम खाली आला. वीज बॅटरीत होती, वायरीपर्यंत पोहोचत नव्हती. नटाखाली हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड साचली होती.

ती साफ करण्याची रीत अशी. इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढावा. हातमोजे व चष्मा घालावा, अंगठी व घड्याळ काढावे, खिडक्या उघडाव्यात. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ काडी पेटवू नये. आधी ऋण बाजूची वायर सोडावी, मग धन बाजूची. बॅटरीची झाकणे घट्ट आहेत ना ते पाहून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने टर्मिनल घासावे. सोड्याचे पाणी आत जाऊ देऊ नये. कोरडे पुसून आधी धन, शेवटी ऋण वायर घट्ट आवळावी आणि वरून व्हॅसलिन लावावे. वायरींची अदलाबदल झाली तर इन्व्हर्टर जळू शकतो, म्हणून सोडण्यापूर्वीच खूण करावी.

बॅटरीतले पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी नको, ॲसिडही नको. एवढे करूनही चालू झाला नाही तर पेटी उघडू नये. वीज तोडल्यावरही आत धक्का बसण्याइतका भार राहू शकतो. ते काम कारागिराचेच.

मी बटण दाबले आणि दिवे लागले. खर्च, स्वयंपाकघरातला मूठभर सोडा.

आनंद झाला, पण लाजही वाटली. ही बॅटरी आपल्याच दानातून आली होती आणि नाताळनंतर मी तिच्याकडे एकदाही पाहिले नव्हते. दहा कुमारींच्या दाखल्यावर मी कितीदा बोललो आहे. तेल मात्र माझ्याच दिव्यात नव्हते. आता भिंतीवर तक्ता लावला आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वसतिगृहातली दोन मुले माझ्यासोबत पाणी व टर्मिनल पाहतात, दहा मिनिटे दिवे इन्व्हर्टरवर चालवतात आणि तारीख लिहितात.

आपणही या आठवड्यात आपल्या बॅटरीचे झाकण उचलून पाहावे. आणि पावसाळ्यात रात्री-अपरात्री डोंगर उतरून येणाऱ्या मातांसाठी प्रार्थना करावी.

प्रभूमध्ये आपला,
दवाखान्याचा व्यवस्थापक