मोरपीस, दूध आणि प्रकाशाची वाट

भज्यांखालचा कागद तेलाने आरपार दिसू लागतो, हे घरोघरीचे दृश्य. कागद पातळ झाला असावा, अशी आम्ही कित्येक वर्षे मनाची समजूत घालीत आलो. वस्तुतः कागदाचे तंतू मुळातच जवळजवळ रंगहीन आहेत. परंतु तंतू आणि त्यांमधील हवा यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश थोडा परततो, थोडा वळतो. अशा असंख्य सीमा अस्ताव्यस्त पसरलेल्या असल्याने त्याची गत जत्रेत चुकलेल्या पोरासारखी होते. भटकत भटकत त्यातला बराचसा आला त्याच बाजूने बाहेर पडतो आणि कागद पांढरा दिसतो. तेल हवेची जागा घेते. तेलात व तंतूत प्रकाशाचा वेग सारखाच म्हणावा असा, त्यामुळे सीमा जणू पुसल्या जातात.

दुधाची शुभ्रताही याच जातीची. तेथे स्निग्धांशाचे गोलक आणि प्रथिनांचे कण प्रकाशाला चुकवितात. पेलाभर पाण्यात दुधाचे चार थेंब टाकून दिव्यासमोर धरावे: बाजूने पाणी निळसर, आरपार पाहिल्यास दिवा तांबूस. निळ्या किरणांची वाट अधिक लवकर चुकते, एवढाच त्याचा अर्थ. दाट दुधात सारेच किरण चुकतात, आणि थराची जाडी दुप्पट केली की पलीकडे पोहोचावयास वेळ मात्र चौपट लागतो.

आता हीच रचना शिस्तीत मांडली तर? त्याचे उत्तर लहानपणी आम्ही पुस्तकाच्या पानांत जपलेल्या मोरपिसात होते. पीस पाण्यात भिजविले की त्याचे रंग मावळतात, हे रॉबर्ट हूक याने 1665 सालीच नोंदविले होते. निळे रंगद्रव्य त्यात नाहीच. आहेत त्या मेलॅनिन या गडद द्रव्याच्या सूक्ष्म काड्या, जाळीसारख्या समान अंतरावर रचलेल्या. निळ्या भागात हे अंतर मिलिमीटरच्या सुमारे सात हजाराव्या भागाएवढे, पिवळ्या भागात किंचित अधिक. शांघायच्या संशोधकांनी 2003 साली ते मोजले. थराथरावरून परतणाऱ्या लहरी एका ठराविक रंगापुरत्या पावलाला पाऊल मिळवून येतात. त्या रंगाला आत शिरकावच मिळत नाही.

एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी 1987 साली, स्वतंत्रपणे, अशी जाळी माणसाने घडवावी असे सुचविले. आम्हांला मौज वाटते ती जॉन यांच्या विचाराची. त्यांना शिस्तीत थोडी बेशिस्त मिसळून प्रकाश जागच्या जागी अडकवावयाचा होता. पुरेशा अव्यवस्थेत लहर पसरणेच थांबते, हे फिलिप अँडरसन यांनी 1958 साली इलेक्ट्रॉनांविषयी दाखविले होते. 1977 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

प्रकाशाने मात्र दाद दिली नाही. 1997 साली गॅलियम आर्सेनाइडच्या बारीक चूर्णात तो अडकल्याचा दावा झाला. लगोलग शंका निघाली: प्रकाश अडकला, की चूर्णाने तो गिळूनच टाकला? दोहोंच्या खुणा बाहेरून सारख्याच दिसतात, आणि तो वाद पुढे वर्षानुवर्षे चालला.