मोड आणि वस्तू

सराफ कट्ट्यावरील दुकानांचा केर कोणी उकिरड्यावर फेकीत नाही. झारेकरी तो पैसे मोजून घेऊन जातो, पाण्यात धुतो, गाळतो आणि त्यातील सोन्याचे कण वेगळे काढतो. 'जुने ते सोने' ही म्हण आपण सहज उच्चारतो. परंतु केरात सोने असणे निराळे आणि ते निवडणारा हात असणे निराळे. हा निवडणारा हात ज्यांनी थेट गावाच्या कचराभूमीच्या दाराशी नेऊन बसविला, अशा काही दुकानांची हकीकत आपल्या व्यापारी बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

ऑस्ट्रेलियात कचराभूमीला 'टिप' म्हणतात व तिच्या दाराशी असलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानास 'टिप शॉप'. घरातील मोठे अडगळीचे सामान टाकावयाचे तर तेथे पुष्कळदा आपली गाडी भरून न्यावी लागते आणि वर आकारही द्यावा लागतो. अनेक ठिकाणी तो वजनकाट्यावर ठरतो. काट्याच्या अलीकडेच दुकान असले, म्हणजे चांगली खुर्ची, दरवाजा किंवा सायकल तेथे उतरवून देणाऱ्याचा तेवढा आकार वाचतो. माल फुकट देऊनही देणारा फायद्यात राहतो, असा धंदा आपल्या पाहण्यात क्वचितच येईल. मात्र वस्तू खड्ड्यात पडण्यापूर्वीच बाजूला काढली पाहिजे. एकदा ती ओल्या कचऱ्यात मिसळली, की उत्तम लाकडाच्या मेजाला सरपणाचीही किंमत उरत नाही.

ही कल्पना आज नवी राहिलेली नाही. अमेरिकेतील बर्कली शहरी डॅनियल नॅप ह्या समाजशास्त्रज्ञाने १९८० मध्ये कचराभूमीवरील उपयोगी वस्तू वेचून विकण्याचा उद्योग आरंभिला. त्यातून 'अर्बन ओर' ही पेढी उभी राहिली. नावाचा अर्थ 'शहरातील खनिज'. टास्मानियातील होबार्ट येथे १९९३ मध्ये 'रिसोर्स वर्क कोऑपरेटिव्ह' ही सहकारी संस्था निघाली. तेथील टिप शॉप ती चालविते आणि तिची मालकी तेथे काम करणाऱ्यांचीच आहे.

स्वीडनमधील एस्किल्स्तुना शहराने तर ऑगस्ट २०१५ मध्ये आपल्या नगरपालिकेच्या कंपनीमार्फत कचरा-संकलन केंद्रालगत 'रेतुना' नावाची एक पेठच उघडली. लोक जुने सामान आणून देतात. कर्मचारी पहिली निवड करतात. नंतर निरनिराळे गाळेवाले आपापल्या धंद्याचा माल उचलून तो दुरुस्त करतात व विकतात. गाळेवाल्यांना भाडे चुकलेले नाही. २०१८ साली ह्या पेठेतील विक्री १ कोटी १७ लाख क्रोनरवर गेली, आणि २०२० मध्ये आयकियासारख्या प्रचंड पेढीनेही स्वतःच्याच जुन्या सामानाचे दुकान तेथे थाटले. तेव्हा ह्यास केवळ हौस म्हणता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी होबार्ट येथे पुतण्याकडे गेलो असता मी तेथील दुकान पाहिले. त्याला लिहिण्याचे मेज हवे होते. निघताना तो म्हणाला, "काका, टेप बरोबर घ्या. मेज दारातून आत जात नाही, हे घरी आणल्यावर कळून काय उपयोग?" अशा ठिकाणी खरेदीस जाणाऱ्याचा हा पहिला धडा. बाकीचे आम्हा भांडीवाल्यांस नवे नव्हते. चिनी मातीचा पेला नखाने वाजवून पाहावा. खणखणीत वाजला तर अखंड, बद्द वाजला तर तडा समजावा. कपाटाचे खण पूर्ण बाहेर ओढून सांधे तपासावेत, आणि तळाशी पिठासारखा बारीक भुसा दिसला तर कीड आहे असे धरून चालावे. लोखंडी हत्याराचा वरवरचा गंज घासून निघतो. खड्डे पडले असतील तर ते ठेवून द्यावे. विजेचे उपकरण तपासल्याची चिठ्ठी नसेल तर त्यास हात लावू नये. माल रोज बदलतो, म्हणून वारंवार जाणाऱ्यासच चांगली वस्तू लाभते. आणि स्वस्ताईस भुलू नये. मेजाबरोबर मी एक भिंतीवरचे घड्याळ निष्कारण घेतले आणि आठ दिवसांनी त्याच दुकानी परत देऊन आलो.

त्याच दुकानात एका फळीवर कोणा अनोळखी खेळाडूचे नाव कोरलेला चषक होता. ते नाव वाचताच मला आमच्या बेळगावच्या दुकानातील चाळीस वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवला.

जुने तांबे-पितळ आम्ही मोड म्हणून वजनावर घेतो. एकदा एका विधवा बाईंनी पितळेचे घंगाळ मोडीस आणले. त्याला कोठे चीर नव्हती की पोचा नव्हता. मी ते मोडीच्या भावाने घेतले, चिंच लावून लखलखीत केले आणि नव्याच्या जवळपास किंमत धरून दर्शनी फळीवर मांडले. आठवड्याने बाई एक वाटी घेण्यास आल्या. घंगाळाच्या काठावर त्यांच्या यजमानांचे नाव घातलेले होते, ते त्यांच्या दृष्टीस पडले. "हे मोडीत गेलं नाही वाटतं," एवढेच त्या म्हणाल्या, आणि वाटीचे पैसे ठेवून निघून गेल्या.

वडील गल्ल्यावर होते. मला ते काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी वहीत फरकाची रक्कम बाईंच्या नावे जमा केली आणि सकाळी ती पोहोचती करावयास मलाच पाठविले. बाईंनी पैसे घेतले; परंतु त्या पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत.

घंगाळ भट्टीत न जाता पुन्हा वापरात आले, हे चांगलेच झाले. ते विकून नफा घेतला, ह्यातही दोष नव्हता; घासण्याचे श्रम आणि पारख ह्यांचे मोल व्यापाऱ्यास मिळावयासच हवे. दोष एवढाच, की मला वस्तू दिसत असता मी बाईंना ती मोड म्हणून सांगितली. टिप शॉपच्या दारात खुर्ची उतरविणाऱ्यास ती आत विकली जाणार हे ठाऊक असते, आणि ते जाणूनच तो ती देतो.

आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानी भांडी, शिवणयंत्रे, कपाटे, सायकली जुन्याच्या बदल्यात नवी दिली जातात. काट्यावर चढविण्यापूर्वी एक क्षण थांबून मोड कोणती आणि वस्तू कोणती हे निवडावे, आणि जे आपणांस दिसले ते समोरच्यासही सांगावे. भाव त्यानंतर ठरवावा. आमच्या दुकानी त्या दिवसापासून मोडीची वही वेगळी आहे आणि वस्तूंची वेगळी.