गाडीची तुळई गंजली तर?

मराठवाड्याची हवा कोरडी. तरीही नांदेड-लातूरकडच्या एखाद्या अंगणातल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचा पत्रा गंजतोच. दाराखालच्या पोकळ पट्टीत चिखल साचतो, ओल टिकते. पाणी आणि प्राणवायू लोखंड पोखरतात.

या मोटारीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो आणि ही पट्टी त्याची तुळई! ती तशीच कापली तर काय होईल?

बुटांचे रिकामे खोके दोन पुस्तकांवर टेकवा. एक लांब बाजू मधोमध चिरा, आत वजन ठेवा. खोके वाकले ना? म्हणून आधी गाडीला समपातळीत टेकू द्यावेत, दाराच्या चौकटीत आडवी सळई बसवावी. मगच जाणत्या कारागिराने पट्टी कापून नवी जोडावी. नाहीतर वेल्डिंगनंतर तो वाक कायमचा राहतो, दार लागतच नाही!