होळकरांच्या फौजेतला गार्डनर

परवा होळकरांच्या राजवाड्यासमोर भाच्याने विचारलं, "मामा, होळकरांच्या फौजेत गोरे अधिकारी खरंच होते?" होते तर! त्यातला माझा आवडता म्हणजे विल्यम लिनियस गार्डनर.

जन्म अमेरिकेतला. इंग्रजी सैन्य सोडून १७९८ च्या सुमारास तो यशवंतराव होळकरांकडे आला आणि कवायती पलटण उभी केली. लग्न केलं खंबायतच्या नवाब घराण्यातल्या मुलीशी. दरबारात बोलणी चालू असताना पडद्याआडून तिचे डोळे दिसले आणि त्याने तिलाच मागणी घातली!

१८०३ मध्ये इंग्रजांशी बोलणी करून परतायला त्याला उशीर झाला. यशवंतरावांना फितुरीचा संशय आला, दरबारात शब्दाला शब्द वाढला. गार्डनरने थेट तलवार उपसली आणि गोंधळात घोड्यावर मांड टाकून निसटला.

पुढे पेशवे घराण्यातल्या अमृतरावांच्या लोकांनी पकडलं, तर कड्यावरून नदीत उडी घेतली. शेवटी गवतकाप्याच्या वेशात इंग्रज सेनापती लॉर्ड लेकच्या छावणीत पोचला. ही हकीकत त्याने म्हातारपणी फॅनी पार्क्स या प्रवासलेखिकेला सांगितली.

१८०९ मध्ये त्याने इंग्रजांसाठी घोडदळ उभारलं. तेच आज भारतीय सेनेतली 'सेकंड लान्सर्स (गार्डनर्स हॉर्स)'. घोडे गेले, रणगाडे आले, नाव टिकलं.

१८३५ मध्ये कासगंजला तो वारला. पाठोपाठ महिन्याभरात बेगमही गेली.

माळव्याच्या इतिहासात अशी माणसं पुष्कळ आहेत.