बेटातला कोणता बांबू तोडावा?



सूप, टोपली, डालगे, शिडी, गोठ्याचा कूड ही सगळी बांबूची. आपल्या अंबडला कुठे बांधकाम निघाले की परांच्यांना बांबू लागतात. गिरणारे-पिंपळगावकडे जा, टोमॅटोच्या शेतात ओळीने बांबू रोवून त्यांना तारा ताणलेल्या दिसतील. एवढा बांबू दर वर्षी तोडला जातो, मग तो संपत कसा नाही? आणि काही ठिकाणी तो खरोखरच संपला, तो का? आज त्याविषयी लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे बांबू हे झाड नव्हे, गवत आहे. ज्वारी, गहू, ऊस यांच्याच कुळातले. पावसाळा लागला की बेटातून कोंब वर येतात. कोंब निघतो तो आपली पूर्ण जाडी घेऊनच. मनगटाएवढा निघाला तर शेवटपर्यंत मनगटाएवढाच. आंब्याचा बुंधा दर वर्षी जाड होतो, तसे इथे नाही. दोन-तीन महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर ना उंची वाढत, ना जाडी. पुढची दोन-तीन वर्षे तो फक्त आतून टणक होत जातो.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, कोंबाला एवढे बळ येते कुठून? जमिनीखाली बेटातले बांबू गाठाळ कंदांनी एकमेकांना जोडलेले असतात. गेल्या एक-दोन वर्षांचे बांबू पानांत अन्न तयार करतात आणि ते कंदातून नव्या कोंबाला पोचते. घरात थोरला भाऊ कमावतो अन् धाकटा शाळा शिकतो, तसेच म्हणा ना! थोरल्यालाच तोडले तर धाकटा कशावर वाढणार?

म्हणून जाणता माणूस बेटात शिरला की आधी बांबूचे वय बघतो. पहिल्या वर्षाचा हिरवागार असतो, पेरांवर पांढरी भुकटी असते आणि बुडाशी तपकिरी, खपल्यांसारखी पाने चिकटलेली असतात. तीन-चार वर्षांचा मळकट पिवळसर दिसतो, त्याच्यावर करडे डाग पडलेले असतात, आणि कोयत्याच्या पाठीने वाजवला तर आवाज खणखणीत येतो. तोडायचा तो हा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्याला हात लावायचा नाही. तोडायचा तोही जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या अगदी लगत. नाही तर उरलेल्या नळीत पाणी साचते आणि बुंधा कुजतो. पावसाळ्यात तर तोड बंदच, कारण तेव्हा पायाखाली नुसते कोंब असतात.

यात एक गंमत आहे, खरे तर अडचण आहे. बेट बाहेरच्या अंगाने वाढते. नवे बांबू कडेला आणि जुने पिकलेले मध्ये, अशी त्याची रचना. आत शिरायचे म्हणजे अंग ओरबाडणार, साप-किरडाची भीती. मग आळशी माणूस काय करतो? कडेचे सोपे बांबू तोडतो. म्हणजे नेमके कोवळे! आतले जुने तसेच दाटीने वाळतात. चार-सहा वर्षे असे केले की बेट बसलेच म्हणून समजा. मला विचाराल तर बांबूची जेवढी बेटे गेली, त्यातली पुष्कळशी या आळसाने गेली.

बेटाला स्वतःचे मरणही असते बरे का. आपल्याकडची बांबूची मानवेल जात कित्येक दशकांनी एकदाच फुलोऱ्यावर येते, बी टाकते आणि वाळते. मिझोराममधल्या एका जातीला हे चक्र पुरे व्हायला जवळजवळ ४८ वर्षे लागतात. तिथे १९५९ साली असा फुलोरा आला, बी खाऊन उंदीर माजले, त्यांनी भाताची शेते फस्त केली आणि दुष्काळ पडला. त्यानंतरचा फुलोरा आला तो २००७ च्या सुमारास.

आता बांबू गवत आहे हे आपल्याला कळले, पण कायद्याला ते मान्य नव्हते! १९२७ च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ म्हणून लिहिला होता. त्यामुळे जंगलाच्या काठी राहणाऱ्याला सुपापुरता बांबू आणायचा तरी परवानगीचा प्रश्न यायचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले, म्हणजे मध, डिंक, हिरडा यांच्या पंगतीला बसवले. पण कागदावरचा हक्क हातात यायला वेळ लागला. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंडांचे छोटे गाव आहे. त्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर विकायचा तर वाहतुकीचा परवाना हवा, तो द्यायचा कोणी? अखेर २७ एप्रिल २०११ ला त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्यांचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे ग्रामसभेने स्वतः बांबू तोडला, स्वतः विकला. कोवळे बांबू राखायची गरज ज्याला उद्याही तिथेच राहायचे आहे त्याला जास्त कळते, असे मला वाटते. ठेकेदार तोडून निघून जातो. त्यानंतर २०१७ साली १९२७ चा कायदाही बदलला आणि जंगलाबाहेर, म्हणजे शेताच्या बांधावर लावलेला बांबू ‘झाड’ राहिला नाही.

औषधी वनस्पतींचेही असेच आहे, फक्त तिथला प्रश्न जास्त अवघड. पान घेता, फळ घेता, साल घेता की मूळ घेता, यावर सगळे अवलंबून. अडुळशाची पाने खुडली तर पुन्हा फुटतात. कुंपणाला लावावा असा तो आहे, शेळी त्याला तोंड लावत नाही. त्याच्या पानातल्या द्रव्यावरून खोकल्याचे ब्रोमहेक्सीन हे औषध तयार झाले. हिरडा, बेहडा, आवळा यांची फळे घ्यावीत, झाड जागेवर राहते. मात्र फळासाठी फांद्या मोडू नयेत.

मुळांचे मात्र वाईट आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या आठवडे बाजारात पावसाच्या तोंडाला फोडशीच्या जुड्या येतात. कोणी तिला कुलू म्हणतात. भाजी मी आवडीने घेतो. हिच्याच मुळ्या म्हणजे महागडी सफेद मुसळी. या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात मुंबईचे बोरिवली आहे! पाने खुडली तर रोप जगते. पण बी पडायच्या आधीच मुळ्या उपटल्या तर पुढल्या वर्षी त्या जागी काही उगवत नाही. मुळ्यांच्या माथ्याचा डोळा परत मातीत पुरला तर रोप येते, पण तेवढा धीर व्यापाऱ्याच्या घाईत कोण धरतो?

नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी शिकायला अमेरिकेत गेले आणि मोठे शास्त्रज्ञ झाले. त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य शोधून काढले. त्याच्यापासून पुढे कर्करोगावरची औषधे झाली. १९७२ साली तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडले. हे द्रव्य नरक्याच्या लाकडात आणि मुळांत असते. मग काय, सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या जंगलात चोरटी तोड सुरू झाली. वाणी-वॉल यांचे दुसरे औषध टॅक्सॉल, १९७१ सालचे. तेही सालीतून निघे, आणि साल सोलली की झाड मरे. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच जातीतल्या दुसऱ्या झाडाच्या पानांतून ते करण्याची रीत काढली. पाने परत येतात, म्हणून झाडे वाचली.

शेवटी गुळवेल. हिचे संस्कृत नाव ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली तरी उगवणारी. बुडातून कापली तरी वरची वेल दोऱ्यासारखी मुळे सोडते आणि ती लोंबत जमिनीला पोचतात. कसारा घाटाखाली शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी २०२० च्या सुमारास गुळवेल गोळा करून विकायचा चांगला धंदा उभा केला. मात्र मनाने काढे पिऊ नका. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रोग्यांच्या यकृताला त्रास झाल्याची नोंद केली आहे, आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही असतात. वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

माझ्या घरच्या वेलीच्या वीतभर कांड्या पाऊस लागल्यावर मी शाळेत आणणार आहे. ज्यांच्या दारी कडुनिंब असेल त्यांनी एकेक न्यावी, निंबाच्या बुडाशी तिरपी खोचावी, दोन डोळे मातीत आणि दोन वर. पहिले पान आले की या फलकाखाली आपले नाव अन् तारीख लिहावी.