दोर कोणाकडे?

गेल्या दिवाळीच्या सुटीत कळंबच्या आमच्या जुन्या घरी पाच नातवंडे एकत्र आली होती. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली की ओटीवर सतरंजी पसरून त्यांचा एक खेळ रंगत असे. त्यात एक जण गोष्ट सांगतो आणि उरलेले चौघे त्या गोष्टीतील प्रवासी होतात. वाटेत दरी आली तर काय करायचे हे प्रवाशांनी ठरवायचे. ते साधले की फसले हे फासे सांगतात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, तेव्हापासून या जातीचे खेळ जगभर पसरले. मी सुरुवातीस त्याकडे पोरखेळ म्हणूनच पाहत होतो. एके संध्याकाळी मात्र भांडण माझ्यापर्यंत आले.

"आजोबा, तुम्ही बँकेत होतात ना, मग तुम्हीच सांगा," धाकटा नातू म्हणाला. दरी ओलांडायला दोर हवा होता. तो म्हणे, दोर माझ्या यादीत आहे. त्याची चुलत बहीण म्हणे, मागच्या डावात तू तो मला दिलास, माझ्याही यादीत आहे. मी दोघांचे कागद पाहिले. दोर एक, नोंदी दोन! एका शाखेने नावे टाकावे आणि दुसरीने जमाच करू नये, असल्या आंतरशाखा हिशेबांच्या जुळवणीत माझी अनेक वर्षे गेली असल्याने रोग चटकन ओळखू आला. देणाऱ्याने आपल्या यादीतून दोर खोडलाच नव्हता.

या खेळात प्रत्येक प्रवाशाने आपल्याजवळील वस्तूंची यादी ठेवायची असते. वजनाचाही हिशेब असतो. त्या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत ५० फुटी साधा दोर १० पौंडांचा, मशाल १ पौंडाची आणि ती तासभरच जळणारी. माणसाच्या ताकदीचा जो आकडा असेल त्याच्या १५ पट पौंड ओझे त्याला पेलते. पण ही बेरीज कोण करणार? दुकानात वजनकाट्याशेजारी वाढलेली आमची मुलेही ती टाळत होती.

मी कपाटातून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. आपल्या घरांत त्यांना तोटा नसतो. ज्यांवर भगवंतांचे चित्र वा नवकार मंत्र नव्हता तेवढ्याच निवडल्या आणि कोऱ्या बाजूचे तुकडे कापले. एका तुकड्यावर एकच वस्तू लिहायची. वस्तू दिली म्हणजे कार्ड हातात द्यायचे. खोडणे नाही, लिहिणे नाही. भांडण तिथेच मिटले. माझ्या या शोधाचा मला थोडा अभिमान वाटू लागला होता, तोच मोठ्या नातीने सांगितले की हे आधीपासून आहे.

आयझॅक विल्यम्स यांच्या 'माउसरिटर' या २०२० च्या खेळात प्रवासी म्हणजे चिमुकले उंदीर. प्रत्येकाच्या कागदावर दहा घरे छापलेली: दोन पंज्यांची, दोन अंगावरची, सहा पिशवीची. वस्तूंची कार्डे त्या घरांत मांडायची. घरांत मावेल त्याहून जास्त घेतले तर प्रवासी ओझ्याने अडखळतो; पौंडांची बेरीजच नको. कार्डावर तीन टिंबे असतात. वापर होईल तसे एकेक टिंब भरायचे, तिन्ही भरली की वस्तू संपली. मला सर्वांत आवडले ते निराळेच. भूक आणि थकवा यांचीही कार्डे आहेत, आणि तीही घर अडवतात. उपाशी प्रवाशाला कमी ओझे पेलते, हे इतक्या थोडक्यात मी कुठे मांडलेले पाहिले नव्हते. दहाच घरे म्हटल्यावर परिग्रह परिमाण व्रताची आठवण आपल्या वाचकांना होईलच. मुलांना मी ती करून दिली नाही, खेळ थांबला असता.

मला मात्र आठवण झाली ती एका गोदामाची. नोकरीच्या उमेदीच्या काळात तारण मालाची तपासणी माझ्याकडे होती. कुलूप बँकेचे, दारावर पाटी बँकेची, आणि तांदळाच्या पोत्यांच्या प्रत्येक थप्पीला एक कार्ड टांगलेले: आवक, जावक, शिल्लक. कार्डावर २४० पोती, शाखेच्या खतावणीतही २४०. मी दोन आकडे जुळवले आणि सही केली. पुढे खाते थकले, थप्पी उलगडली, तेव्हा बाहेरच्या रांगांत तांदूळ आणि पोटात भुशाची पोती निघाली. कार्ड आणि खतावणी जुळत होती, कारण दोन्हीकडचे आकडे एकाच माणसाच्या तोंडून आलेले होते. मी पोती मोजली नव्हती, बांबीही मारली नव्हती. लेखी खुलासा द्यावा लागला. रक्कम फार मोठी नव्हती, पण ती सही अजून डोळ्यांपुढे येते.

गोदामातले कार्ड मालाविषयी सांगते, आणि सांगणारा खोटे सांगू शकतो. मुलांच्या खेळात कार्डामागे पोतेच नाही. कार्ड हाच माल. व्यवहारात याच्या जवळ जाते ती वखार पावती. २००७ च्या वखार कायद्याने हस्तांतरणीय पावतीला मान्यता दिली आणि सही करून पावती दुसऱ्याच्या हाती गेली की माल जागचा न हलता मालक बदलू लागला. तरी तिथेही वखारीत कोणीतरी मोजून माल ठेवलेला असावा लागतो. ओटीवर ती काळजी नाही.

निदान मला तसे वाटले होते. मुले परत जाण्याच्या दिवशी सतरंजी झाडताना मशालीचे एक कार्ड सापडले, दोन टिंबे भरलेले. यादी असती तर कोणाची मशाल कमी आहे हे कळले असते. कार्डावर कोणाचे नाव नव्हते, कोणाकडून कोणाकडे गेले याचा मागमूस नव्हता, आणि चौघांनीही हात पुढे केले. कार्ड सध्या माझ्या पाकिटात आहे. पुढच्या सुटीपर्यंत ते उचंत खात्यात जमा धरले आहे.